बार-चेन नको म्हणणारं गिऱ्हाईक

जुनी चेनसॉ विकणं एवढं डोक्याला ताप असतं, हे मला परवाच्या रविवारी कळलं. मशीनला गिऱ्हाईक मिळतं हो... पण ते गिऱ्हाईक कसं आहे हे कोणाला विचारायचं?

माझा खांदा धरला म्हणून डॉक्टरांनी झटके बसणारं काम बंद करायला सांगितलं. शेताच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, झाडं कापायला घेतलेली चेनसॉ मुर्री गावातल्या घरी कोठीत नुसती पडून होती. फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि फोन सुरू झाले.

पहिल्याच माणसानं विचारलं, "भैया, आवाज कितना करती है?" आता सांगा, चोरून झाड कापणाऱ्याशिवाय आवाजाची चौकशी कोण करतो? दुसऱ्याला किंमत ऐकायचीच नव्हती, फक्त केवढं जाड झाड कापते एवढंच हवं होतं... त्यालाही नमस्कार केला.

आमची ही वैतागली. "मशीन विकून राहिले का पोरीचं लग्न जमवून राहिले?"

पण भीती तिच्याच माहेरची होती. तिचा धाकटा भाऊ इटियाडोह धरणाकडच्या जंगलात वनरक्षक आहे, नोकरी अगदी नवी. मशीनचं बिल माझ्या नावावर... उद्या ती सागवान चोरताना सापडली तर पहिला प्रश्न त्यालाच येणार, की तुझ्या बहिणीच्या घरची मशीन इथं कशी? पोराची नोकरी माझ्यामुळे जायला नको.

मग मडावींचा फोन आला. ते इटियाडोहच्याच बाजूचे, शेतकऱ्यांच्या धुऱ्यावरच्या बाभळी कापून द्यायचं काम करतात म्हणाले. बोलणं साधं, सगळं ठीक... आणि शेवटी हळूच म्हणतात, "बार-चेन नको जी. मशीन तेवढी पायजे."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो... बार म्हणजे पुढची लांब पट्टी आणि चेन म्हणजे तिच्यावर फिरणारे दात. ते काढले की चेनसॉ म्हणजे नुसतं बोंबलणारं इंजिन.

झालं, माझं डोकं सुरू! माझा बार लहान, बाभळी-बिभळीपुरता. म्हणजे या माणसाकडे मोठा बार आधीच असणार... मोठा बार म्हणजे मोठं झाड... मोठं झाड म्हणजे सागवान! तरी म्हटलं, येऊ द्या, माणूस समोरून बघू.

नवरा-बायको दोघंही मोटारसायकलवर आले. मडावींनी दोरी ओढून मशीन सुरू केली, कान देऊन ऐकली, बंद केली. किमतीत घासाघीस नाही... तेही मला खटकलंच.

मग मी माझा सापळा लावला. म्हटलं, बार-चेन फुकट घेऊन जा. ते म्हणाले, नको जी. म्हटलं, अहो, एक पैसा नको. तरी नकोच! आमच्या गोंदियात फुकटची वस्तू सोडणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. माझी खात्रीच पटली.

पाणी आणतो असं सांगून मी बाहेर सटकलो आणि त्यांच्या गाडीच्या नंबरचा गुपचूप फोटो काढला. साळ्याला पाठवणार, तेवढ्यात मागून आवाज आला. मडावींची बायको कमरेवर हात ठेवून उभी होती.

"फोटो कायले काढून राहिले जी? आमी चोर आहो का?"

आता लपवून उपयोग नव्हता. मीही आवाज चढवून सगळं बोलून टाकलं... साळ्याची नोकरी, सागवान, आणि फुकटची चेन न घेणारा माणूस. तोवर मडावीही बाहेर आले होते. मला वाटलं, आता भांडण होणार.

ते चिडलेच नाहीत. "आमचा देव साजाच्या झाडात राहते जी. साजाले लागलेलं पातं आमी घरात नेत नाई. तुमची चेन साजावर चालली का नाई, मले का मालूम?"

"मग विचारायचं ना!" मी म्हटलं.

"विचारलं असतं जी... पण विकणारा माणूस नाईच म्हणते. तुमाले खोटं बोला लागलं असतं, तेही देवाच्या गोष्टीत. कायले पायजे? म्हणून म्हटलं, चेन राहू द्या, मी नवीन घेतो."

 गेल्या उन्हाळ्यात आमच्या धुऱ्यावरचा साजा, म्हणजे ऐनाचं झाड, मीच पाडला होता. परवानगी काढून, पण याच चेननं. आणि खरं सांगू? त्यांनी विचारलं असतं तर मी बेधडक नाही म्हटलं असतं... मशीन विकायची होती ना!

"चालली आहे साजावर," मी म्हटलं. आता कोणी विचारत नव्हतं, तरी सांगितलं. वाटलं, गेला सौदा हातचा.

मडावींनी मान हलवली. "इंजिन झाडाले लागत नाई जी." त्यांच्या बायकोनं आमच्या हिच्याकडून चिमूटभर हळद मागून मशीनला लावली आणि मशीन गाडीला बांधायला घेतली. साळ्याच्या नोकरीची माझी काळजी तिथंच मिटली. मशीन यांना विकली असं लिहून, सही करून, मी बिलासोबत तो कागद त्यांच्या हातात दिला.

निघताना बाई माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. "तो फोटो पुसला का? दावा बरं." मोबाईल हातात घेऊन, स्वतः बघूनच त्या गाडीवर बसल्या. बरोबरच आहे... माझ्यावर भरवसा ठेवण्यासारखं मी केलं तरी काय होतं!

बार-चेन अजून कोठीत खिळ्याला टांगलेली आहे. ही म्हणते, कबाडीवाल्याला देऊन टाका. पण आता कोणीही न्यायला आला, तरी त्यानं विचारायच्या आधी मला सांगावं लागणार, की ही साजावर चालली आहे.

मी त्यांना चोर ठरवत होतो, आणि तेवढ्याच वेळात तो माणूस माझ्यावर खोटं बोलायची पाळी येऊ नये म्हणून जपत होता... मडावीभाऊ, तुमचे उपकार आहेत.