सोप्यात बसलेला दोस्त

मंडळी, माझ्या कादंबरीतले दोघे जिवलग १९४०च्या दशकातले. एक कोरेगावात शेती करतो, दुसरा सांगलीला कॉलेजात जातो. दिवाळीत तो परतल्यावर दोघांचं कडाक्याचं भांडण होतं, असं मी लिहिलं होतं. त्या काळच्या टोपीपासून मोटारीपर्यंत सगळं तपासून!

आज ते प्रकरण बालमित्र शंकरला वाचून दाखवलं. तोही सांगलीला शिकलेला. मी घरीच पुस्तकं वाचून शिकलो.

तो म्हणाला, “भांडण खोटं हाय गड्या. आपलं कवा झालं? झालं असतं तर मिटवलं असतं.”

खरंच. थेट चुलीपाशी येऊन भाकरी मागणारा शंकर तेव्हा कॉलेजातून सुट्टीला आला, तो पहिल्यांदाच बाहेर, घराच्या पुढच्या सोप्यात बसला. आईनं त्याला पाहुण्यासारखा कपबशीत चहा दिला.

आता भांडण खोडून तेच लिहिलंय. तुमचा दोस्त सोप्यात कधी बसला?