मुकादमीण आणि बावीस घरांचा पंचनामा

मुकादमीण कुठल्याही साहेबासमोर कधी बसली नाही. तलाठी असो, तहसीलदार असो की लातूरहून आलेला मोठा अधिकारी असो. कोणी खुर्ची पुढे केली, सतरंजी दाखवली, तरी ती उभीच. नव्या साहेबांना वाटायचं, बाई अदबीनं उभी आहे. त्यांचा हा समज फार वेळ टिकत नसे. मी एकदा कारण विचारलं तेव्हा म्हणाली, "बसलेल्याला 'ऊठ' म्हनता येतं, आप्पा. उभ्याला काय म्हनतील?"

तिचं नाव सोजरबाई. किल्लारीच्या पट्ट्यातल्या एका गावाबाहेर, ओढ्यापलीकडे, बौद्धांची बावीस घरं होती. त्यांतलं एक तिचं. नवरा लवकर गेला, पदरी एक मुलगी. लातूरचा नवा जिल्हा झाला त्याच्या आगेमागे आमच्याकडे दुष्काळाची वर्षं होती. पाझर तलावाचं काम निघालं आणि चाळीस बायकांची टोळी तिच्या हाताखाली आली. तेव्हापासून ती मुकादमीण. मी त्या कामावर मस्टर कारकून होतो. उदगीरचा, पंचविशीतला मॅट्रिक, कपाळावर भस्माची तीन बोटं आणि खिशाला पेन.

कामावर टँकर यायचा आणि पाणी रांजणात भरलं जायचं. रांजणाशी गावातला एक गडी तांब्या घेऊन बसे. वस्तीतल्या बायकांनी ओंजळ पुढे करायची आणि त्यानं वरून धार सोडायची. तिसऱ्या दिवशी मुकादमिणीनं आपलं घमेलं पालथं घातलं. तिच्यामागं चाळीस घमेली पालथी पडली आणि भरावावर माती जायची थांबली. इंजिनिअर जीपमधून धावत आला.

"काय झालं बाई?"

"काय न्हाई साहेब. रांजन सरकारचा, पानी सरकारचं. मग तांब्याच तेवढा कुनाच्या आज्याचा हाय, हे इचारायचं हुतं."

दुपारपासून तांब्या रांजणावर मोकळा राहू लागला. ज्याला तहान लागेल त्यानं घ्यावा. ती स्वतः सगळ्यांच्या शेवटी प्याली. मी मात्र दुसऱ्या दिवसापासून माझ्यापुरता फिरकीच्या झाकणाचा तांब्या आणायला लागलो. तिनं तो पाहिला आणि हसून म्हणाली, "कारकूनआप्पा, तुमची तहान लई नाजूक दिसती." हेही आज लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं या तांब्यापासून वेगळं नाही.

पुढे मी तलाठी झालो आणि ते गाव माझ्याच साझ्यात आलं. मग भूकंप झाला.

त्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मी एवढंच सांगतो. गावातली घरं दोन-दोन हात जाड दगडमातीच्या भिंतींची, वर मातीचं माळवद. ती जागच्या जागी बसली. ओढ्यापलीकडची घरं कुडाची आणि पत्र्याची होती. ती हलली, वाकली, पण उभी राहिली. ज्यांच्या घरांना गावानं कधी घर म्हटलं नव्हतं, त्यांच्याच डोक्यावर दिवस उजाडला तेव्हा छप्पर होतं.

उजाडायच्या आत मुकादमिणीनं वस्ती उठवली. दुष्काळी कामातले टिकाव, फावडी, घमेली घरोघरी पडून होती. तिनं बाया आणि गडी तलावावर लावायची तशाच रांगांत लावले. एका रांगेनं दगड उचलायचे, दुसरीनं माती पुढं सरकवायची. आणि दर थोड्या वेळानं ती हात वर करायची, की सगळे गप्प. कुठं कण्हणं ऐकू येतं का बघायचं. लष्कराचे जवान पोचेपर्यंत त्या वस्तीनं गावातली कितीतरी माणसं जिवंत काढली होती.

किराणा दुकानाचे शेटजी असेच निघाले. ते माझे लांबचे नातेवाईक. वस्तीतल्या माणसाला त्यांनी उभ्या जन्मात दुकानाच्या पायरीवर घेतलं नव्हतं. माळवदाखालून त्यांचा आवाज आला तशी मुकादमीण वरून ओरडली, "शेटजी, उंबरा कुठशी आला ते सांगा! वलांडायचा का न्हाई, ते इचारूनच आत येतो!"

खालून शेटजी म्हणाले, "ये गं माय, ये. उंबरा मेला."

हे मला शेटजींनीच सांगितलं. सांगताना ते हसले आणि मग बराच वेळ डोळे पुसत राहिले.

मी पंचनाम्याला गेलो तो तिसऱ्या दिवशी. पाऊस लागला होता. माळवदांच्या तुळयांवरच माणसं जाळली जात होती आणि ओल्या लाकडांचा धूर गावावर बसला होता. नाकाला रुमाल बांधून मी घरामागून घर लिहीत चाललो होतो. वस्तीची पाळी आली तेव्हा ओढ्याला गुडघाभर गढूळ पाणी होतं. मी ओढा उतरलो नाही. अलीकडच्या रस्त्यावरून पाहिलं, घरं उभी दिसली, माणूस कोणी दिसलं नाही. तिथंच सायकलच्या सीटवर कागद ठेवून लिहिलं : 'समक्ष पाहणी केली. बावीस घरे सुस्थितीत. घरी कोणी हजर नाही. नुकसान निरंक.' पंच म्हणून दोन सह्या घेतल्या. त्यांतली एक शेटजींच्या मुलाची.

घरी कोणी हजर नव्हतं हे खरंच होतं. ती सगळी माणसं माझ्या पाठीमागं, शंभर पावलांवर, ढिगाऱ्यांवर होती.

मदत आली ती ट्रक भरभरून. धान्य, ताडपत्र्या, आणि शहरांतून जुने कपडे. कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला भिजत पडले. मुकादमिणीनं त्यातले लोकरीचे स्वेटर निवडून फाडले आणि दगड उचलणाऱ्यांच्या हातांना गुंडाळले. एक मदतवाला रागावला. "अहो, हे अंगात घालायचे आहेत!" ती म्हणाली, "कातडं हाताचं गेलंय, दादा. अंगाचं हाय अजून."

मग तात्पुरत्या कचेरीच्या पत्र्याच्या शेडवर पुनर्वसनाची यादी लागली. गाव दोन कोसांवर नव्या गावठाणात जाणार होतं. तिथं शाळा, विहीर, दुकान, दवाखाना. यादीत बावीस घरांपैकी एकही नव्हतं. गाव उठून गेल्यावर त्या लोकांनी ओढ्याकाठी, पडक्या दगडांच्या शेजारी, कुणाच्या आधारानं राहायचं होतं? काम गावात, पाणी गावात. तेच जाणार होतं.

ती माझ्याकडे आली. आवाज चढलेला नव्हता.

"आप्पा, आमी कामून न्हाई यादीत?"

"तुमची घरं पडली नाहीत, बाई."

"भिंती कलल्यात. चौकटी सुटल्यात. आत येऊन बघितलं का?"

मी विषय टाळला आणि हळूच म्हणालो, "असं करा. दोन-दोन भिंती पाडून ठेवा. मी उद्या फेरपंचनामा करतो. मागचं कोणी विचारणार नाही."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी पेनाचं टोपण लावायला लागलो.

"भूकंपानं ठिवलं ते मी पाडू? आन् माझ्या पोरीला काय सांगू, खोटं बोलून घर मिळालं मनून? न्हाई आप्पा. तुमी खरं लिवा. लिवा, की मी आलोच न्हवतो."

खरं लिहिलं असतं तर मी निलंबित झालो असतो. घरी तीन मुलं, आजारी वडील. ही कारणं त्या वेळी मला डोंगराएवढी वाटत होती. आज मोजतो तेव्हा त्यांचं वजन लागत नाही.

तिनं दरखास्त दिली. जिल्ह्याहून एक अधिकारी हरकती ऐकायला आले. शेडमध्ये सगळं गाव जमलं. साहेब म्हणाले, "बसा बाई." ती बसली नाही. म्हणाली, "ह्या आप्पांना इचारा, माझ्या घराचं दार कुन्या तोंडाला हाय?"

साहेबांनी दाराचं सोडून मला एवढंच विचारलं, "तुम्ही वस्तीत गेला होतात ना?"

मी म्हणालो, "होय साहेब. घरी कोणी नव्हतं."

मग ती म्हणाली, "खरं हाय साहेब. आमी घरी न्हवतो. कुटं हुतो, ते ह्या गावाला इचारा."

गावानं माना खाली घातल्या. शेटजी उठू लागले होते, मी पाहिलं. त्यांच्या मुलानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून दाबून बसवलं. बाप खरं बोलला असता तर मुलाची सही खोटी ठरली असती. दरखास्त फेटाळली गेली.

गाव नव्या जागी निघालं त्या सकाळी वस्तीही निघाली. कोणी बोलावलं नव्हतं. पत्रे, मेढी, चौकटी, कुडाचे तट्टे, सगळं सोडवून, डोक्यावर घेऊन, बावीस घरं रांगेनं दोन कोस चालत आली आणि गावठाणाच्या उत्तरेला मोकळ्या जागेवर संध्याकाळपर्यंत उभी राहिली. मंडळ अधिकारी आले. मी त्यांच्या मागं होतो.

"बाई, ही जागा तुमच्या नावावर नाही."

"भूकंप कुनाच्या नावावर हुता, साहेब?"

पोलीस आणायची भाषा झाली. ती म्हणाली, "आना. येताना त्यांनला इचारून आना, त्यांच्यापैकी कुनी ढिगाऱ्यातून किती काढले. मग मोजू." पोलीस आले नाहीत. वस्ती राहिली. पुढं तिनं भांडून नळ आणला, दिवे आणले, छोटं विहार बांधून घेतलं. आणि दप्तरात मात्र ती बावीस घरं आजतागायत 'अतिक्रमण' आहेत. त्या शब्दाच्या मुळाशी माझा पंचनामा आहे.

निवृत्तीनंतर एकदा धीर करून तिच्याकडं गेलो. ती दारात बाजेवर होती, पाय सुजलेले. मी सगळं बोललो. ओढा, सायकल, सही. शेवटी मी हात जोडले.

"माफी कशाला मागता, आप्पा? ती घेऊन मी कुटं ठिवू? घरात जागा कमी हाय." मग पाय खाली सोडून म्हणाली, "कागद दुरुस्त करा. माफी मग बगू."

"करतो," मी म्हणालो. केला नाही. मुलगा महसूल खात्यातच लागला होता; त्याच्या नोकरीला झळ लागेल, पेन्शन अडकेल, असं मनाशी घोकत सात वर्षं घालवली. गेल्या उन्हाळ्यात ती गेली. मला कळलं ते आठ दिवसांनी, उदगीरच्या बसस्टँडवर.

मी गेलो. तिची मुलगी रमा आता तिथं अंगणवाडी सेविका आहे. तिनं चहा दिला आणि एक नोटीस पुढं ठेवली. रस्ता रुंद होणार; अतिक्रमणं काढणार; अतिक्रमण असल्यामुळं पर्यायी जागा मिळणार नाही. बावीस घरांना एकच मजकूर.

मी घरी येऊन दोन दिवसांत सगळं लिहून काढलं, वर आहे तेच, पण पंचनाम्याच्या भाषेत. सही केली आणि परत जाऊन तिच्या हातात दिलं. तिनं दोनदा वाचलं.

"चांगलं लिहिलंय," ती म्हणाली. "पण नुसता कागद दिला तर ते म्हणतील, म्हातारं माणूस, कुणीतरी लिहून घेतलं. सोमवारी सुनावणी आहे. तुम्ही स्वतः यायचं."

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. शेटजींचा मुलगा सरपंच आहे आता. त्याच्याही समोर."

माझा चेहरा तिला दिसला असावा. ती आईसारखी हसत नाही, पण आवाज तोच आहे. "घाबरू नका आप्पा. लांबण लावायची नाही. माय माणसं काढत होती हे आम्ही सांगू. तुम्ही कुठपर्यंत आला होता, एवढंच सांगा."

घरी मुलाला हे सांगितलं. तो चिडला, नोकरीचं बोलला, वयाचं बोलला. मी ऐकून घेतलं आणि सोमवारच्या पहिल्या बसची वेळ विचारून आलो. काय बोलायचं ते पाठ करायची गरज नाही. मी ओढ्यापर्यंत आलो होतो. पाणी गुडघाभर होतं. पलीकडं जाता आलं असतं.