वर्तकचं नाक

फौजदारांनी पाकीट टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "वर्तक नाहीत का?"

चार वर्षं मी हेच ऐकत होते. नव्वदच्या सुमाराची गोष्ट. पनवेलच्या आमच्या छोट्या सरकारी लॅबमध्ये मी सीनिअर, वर्तक माझ्यानंतर लागलेला. पण पोलिसांनी पकडलेला गांजा तपासायला आला की सगळ्यांना वर्तकच हवा. त्याचं नाकच तसं होतं. पाकीट उघडून हुंगायचा आणि सांगायचा, "केरळच्या डोंगरातला. आधी कैरी, मग लिंबाची साल, शेवटी मिरी." मग तो वाण कसा उंच वाढतो, पानं कशी बारीक, पिणारा सुस्त न पडता कसा बडबडत सुटतो, उगाच हसतो आणि जास्त झाला की छाती धडधडून भलतेसलते संशय घेतो, हे सगळं आरोपींच्या जबान्यांतून वाचलेलं तो स्वतः पिऊन आल्यासारखं रंगवायचा. साहेबसुद्धा चहा थांबवून ऐकायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

"वर्तक उशिरा येणार आहेत. मी आहे ना," मी म्हणाले.

पाकीट उघडलं. कैरीचा वास भपकन आला. मला कोण आनंद झाला! "केरळचा माल," मी ऐटीत सांगितलं. "कैरी येतेय बघा. डोक्यात चढणारा."

"वा, मॅडम!" म्हणत फौजदारांनी वहीत टिपून घेतलं.

गेटपाशी करंजा बंदरावरची एक कोळीण बसली होती. पाकीट तिच्या नवऱ्याच्या होडीत सापडलं होतं. मला पाहून ती उठली. "बाई, माजा दादला गांजावाला नाय हाय. शिमग्याला घोटून प्यायला पाला आनलाय. आमी दरसाल आनतो."

"तपासणीत कळेल," म्हणून मी आत वळले.

कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे तुरे. नुसती पानं असतील तर ती भांग, तिचा कायदा निराळा आणि हलका. गांजा ठरला तर जामीनसुद्धा अवघड. आमची कलर टेस्ट असायची. चिमूटभर मालावर रसायन टाकलं की रंग येतो. पण तो पानांनाही येतो. हे मला पाठ होतं. तरी मी रंग पाहिला आणि रिपोर्टमध्ये लिहिलं, गांजा.

दुसऱ्या अॅनालिस्टने पाकीट पुन्हा तपासून सही करायची, असा आमच्याकडे नियम. दुपारी वर्तक आला. त्याने सगळा माल पांढऱ्या कागदावर ओतला आणि चिमट्याने पान न् पान बाजूला केलं. तासभर.

"मॅडम, यात तुरा एकही नाही."

"अहो, वास बघा की!"

"पाकीट आंबोशीच्या डब्यात होतं. पंचनाम्यात लिहिलंय."

आंबोशी म्हणजे कालवणात घालायच्या सुकवलेल्या कैऱ्या. पंचनामा सकाळपासून माझ्यासमोर पडला होता. मी तो उघडलाही नव्हता. कागदावरचा पाला मी स्वतः दोनदा चाळला. तुरा सापडावा असं मला मनापासून वाटत होतं, त्याची लाज अजून वाटते. सापडला नाही. मी रिपोर्ट फाडला, नवा लिहिला आणि फौजदारांना फोन केला. "केरळ खोडा. नुसती पानं आहेत."

"वर्तकांनी पाहिलं का?"

"हो," मी म्हणाले. "त्यांनीच पाहिलं."

कोळिणीचा नवरा शिमग्याआधी जामिनावर घरी आला.

संध्याकाळी निघताना मी वर्तकला विचारलंच, "एवढा वास येत होता, तुम्ही कसे फसला नाहीत?"

"वास कुठला, मॅडम? परवापासून सर्दी झालीय, नाक बंद. म्हणून तर कागदावर ओतलं."

पुढे रिटायर होईपर्यंत मी आधी पंचनामा वाचायचे, मग माल कागदावर ओतायचे. हुंगायचे नाही. पण खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी मला त्याच्या सर्दीचासुद्धा हेवा वाटला.