ड्रायव्हरच्या जागी बहीण

गॅरेजमध्ये सगळे त्याला अर्धाअंश म्हणत. चाकाचा कोन लावताना "अजून अर्धा अंश" हे त्याचं पालुपद, आणि तेवढ्यासाठी गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवायला तो कचरत नसे.

उभा जन्म त्याने चाकं सरळ करण्यात घालवला. मग मेहुण्याला गाडी घसरवत आडवी वळवायच्या शर्यतींचं वेड लागलं आणि चाकं मुद्दाम तिरकी करायचं काम गळ्यात पडलं. पुढची दोन्ही चाकं वरून आत झुकवायची. गाडी उभी असताना फेंगडी दिसते, पण वळणात तिने अंग टाकलं की टायर जमिनीवर पुरता टेकतो.

हे रिकाम्या गाडीवर जमत नाही. चालवणाऱ्याचं वजन सीटवर लागतं. बाकीचे लोक वाळूच्या पिशव्या ठेवतात. इथे अर्धाअंशची बायको बसे. घर गॅरेजच्या वरच होतं आणि भावाबहिणीचं वजन जवळपास सारखं.

"ताई, मी जाड झालो तर तूही हो हं," मेहुणा म्हणे.

"जाड व्हायचं मी आणि मिरवायचं तू!" ती भाजी निवडायला मांडीवर घेई आणि सीटवर बसून राही.

या वेळी मध्ये बरेच महिने गेले होते. चारही चाकांखाली वजनकाटे सरकवून त्याने आकडे पाहिले. बेरीज मागच्या वेळेपेक्षा कमी आली. त्याने पेट्रोल बघितलं, टायरमधली हवा मोजली, डिकी उघडून काही काढलंय का ते पाहिलं. काटे पुसून पुन्हा लावले.

"काटे बिघडलेत," तो म्हणाला.

तिने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं.

"का गं?"

"काटे बरोबर आहेत." तिने स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. "कमी पडतं तेवढी वाळू द्या माझ्या मांडीवर. त्याची शर्यत तोंडावर आलीय."

कोपऱ्यात जुन्या पिशव्या होत्या. त्याने एकीत वाळू भरली, तराजूवर ठेवली, अजून दोन ओंजळी घातल्या. मग उचलली. पिशवी जड होती. ती हातात धरून तो गाडीच्या दाराशी आला आणि तिथेच थांबला.

"एवढी?"

"कपड्यांना आतून टिपा घालत गेले. जेवण उतरत नाही घशाखाली."

"बोलली नाहीस."

"चाकाचा अर्धा अंश दिसतो की तुम्हाला." ती हसायला गेली, पण ते जमलं नाही. "शर्यत झाली की सांगणार होते. आधी कळलं असतं तर त्याने गाडीला हात लावला नसता."

त्याला पिशवी तिच्या मांडीवर ठेवता येईना. खालीही ठेवता येईना. शेवटी त्याने ती भिंतीशी टेकवली, हळूच, झोपलेलं मूल ठेवावं तशी.

फोन वाजला. मेहुणाच होता. "दाजी, झाली का गाडी?"

"नाही झाली. तू इकडे ये. आपल्याला ताईला घेऊन दवाखान्यात जायचंय."

पलीकडून काही विचारलं गेलं. "आल्यावर सांगतो," म्हणून त्याने फोन ठेवला आणि हात धुतले, साबण लावून, दोनदा. मग दार उघडून तिच्यापुढे हात केला.

"चाकं तशीच राहिली," ती उतरताना म्हणाली.

"राहू देत."

ती उतरली तसे काट्यांवरचे आकडे घसरले. त्याने तिकडे पाहिलं नाही.