शैलाचा चष्मा

शैला रोज सकाळी चहाच्या आधी रोबो आपटायची. माणसाहून उंच तो लोखंडी हात समोरच्या सांगाड्यावर धाडकन आदळायचा आणि ही शेजारच्या खोलीत खुर्चीवर बसून खो खो हसायची. खरा रोबो शेडमध्ये जागचा हललेलासुद्धा नसायचा. हिच्या डोळ्यांवर जाड काळा चष्मा, कानांवर हेडफोन, दोन्हींच्या वायरी कॉम्प्युटरला. त्या चष्म्यात आमची अख्खी वेल्डिंग लाइन जशीच्या तशी दिसायची, आणि तिथला रोबो ती हवा तसा चालवायची, आपटायची, पुन्हा उभा करायची. कुणी काळजीनं पाहिलं की म्हणायची, "चुकू द्या की! आत चुकलं तर कुणाचं काय जातंय?"

मला त्या हसण्याचा भयंकर राग यायचा. शिरूरकडच्या आमच्या कारखान्यात पहिला रोबो आला, तेव्हा सगळ्या वेल्डरांतून मला निवडलं होतं. रोबोभोवतीच्या जाळीच्या आत, त्या हाताच्या अगदी शेजारी उभं राहून, पेंडंट म्हणजे त्याचा वायरवाला रिमोट दाबत दाबत एकेक जागा मी त्याला शिकवली. आपटला असता तर लाइन बंद आणि मी साहेबांपुढे उभा. हे सगळं मी जीव मुठीत धरून कमावलं होतं. रोबो अडला की कंपनीची जीप मला न्यायला इनामगावला दारात यायची, शेजारीपाजारी बघत राहायचे. आणि केडगावहून एस.टी.नं येणारी, डिप्लोमा करून आलेली ही पोरगी हसत हसत तेच शिकत होती. वर इतरांनाही शिकवत होती. जळणार नाही तर काय!

एकदा नवा पार्ट आला. अशा वेळी मी लाइन दिवसभर थांबवायचो. हिनं लाइन चालू असताना चष्म्यात सगळा प्रोग्रॅम बसवला आणि सुट्टीच्या दिवशी खऱ्या रोबोत टाकला. मी मुद्दाम बघायला गेलो. आपटावा म्हणून मनातल्या मनात खंडोबाला नारळ कबूल केला. कसला आपटतोय! वेल्डिंगचं टोक फक्त केसभर खाली आलं. ते मी पेंडंटवर उचलून दिलं आणि पुढं कितीतरी दिवस कॅन्टीनमध्ये तेवढंच सांगत फिरलो. शैला सगळ्यांदेखत म्हणाली, "व्हय, मामा होते म्हणून निभावलं." आता अशा बाईशी भांडायचं तरी कसं?

त्याच सुमारास ठरलं, की चष्म्याची खोली कायम ठेवायची आणि तिथं एक प्रशिक्षक नेमायचा. ती जागा मला हवी होती. नवी पोरं मामांच्या हाताखालून तयार झाली असं लोकांनी म्हणावं, एवढीच हौस होती. आणि नेमकं तेव्हाच तिच्याकडे शिकलेलं एक पोरगं घोळ करून बसलं. मी जाळीचं दार उघडं ठेवून रोबो हळू चालवून बघत होतो, तर ते खुशाल आत येऊन रोबोच्या हाताखाली शिरलं. मी दाबून धरलेलं बटण सोडलं, रोबो थांबला, आणि अशी आरोळी ठोकली की पोरगं मटकन खाली बसलं.

"चष्म्यात त्यो रोज अंगातनं आरपार जायचा," ते पुटपुटलं. "लागतच नव्हता."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. तडक साहेबांकडे गेलो. "ह्या चष्म्यात भीती न्हाई साहेब. बंद करा ते." शैला तिथंच उभी होती. तिचा चेहरा पडला. मला वाटलं, जिंकलो.

दोन दिवसांनी ती माइक घेऊन माझ्याकडे आली. "मामा, त्या दिवशी वरडला तसं वरडा. चष्म्यात कुणी रोबोखाली शिरलं की तुमचा आवाज वाजंल." मी घसा खाकरून ओरडलो. आवाज निघाला तो गणपतीच्या मांडवात वर्गणीदारांची नावं वाचल्यासारखा. पुन्हा ओरडलो, पुन्हा तेच. मग ती शांतपणे म्हणाली, "एक सांगायचं ऱ्हायलंच. प्रशिक्षकाची जागा मला मिळाली. तुमच्या आवाजाची आयडिया सायबांना लई आवडली."

माझी कानशिलं तापली. माझाच आवाज आणि जागा हिला!

"आता वरडा," ती म्हणाली आणि माइक पुढं केला.

"ए! हो माघारी! मरतो का?"

शेजारच्या शेडमधली माणसं धावत आली. माझा सगळा जळफळाट त्या आरोळीत उतरला होता. शैलानं हेडफोन लावून ती पुन्हा ऐकली आणि मान डोलावली. "हां. ह्यो खरा."

पुढं ती जर्मनीला निघाली, अशाच खोल्या उभ्या करायच्या कामावर. पेढे वाटले, मी दोन उचलले. जाताना साहेबांना सांगून गेली, "आवाज मामांचाच हाय, आता खोलीबी त्यांनाच द्या." हवी होती ती जागा अखेर मिळाली, तीही हिच्या शब्दावर! मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

मी खोली ताब्यात घेतली त्याच दिवशी वरवंडची एक नवी मुलगी शिकायला आली. चष्मा लावून थोडा वेळ बरी चालली आणि एकदम खुर्चीसकट मागं सरकली. चष्मा काढला तेव्हा कपाळावर घाम होता. ही आता जन्मात चालत्या रोबोखाली जाणार नव्हती.

"मामा, आत कोण वरडतंय वो?" तिनं विचारलं. "एवढा कुणावर जळतोय त्यो?"

"शैला मॅडमवर. त्या जर्मनीला गेल्या."

"अजून?"

"अजून," मी म्हणालो. "लाव चष्मा."