मावजुदाने न गाळलेली उणे चिन्हं

मावजुदा कोकंदहून ताश्कंदला आली ती सलोहिद्दीन दोमलांच्या शब्दावर. "पोरगी आजपासून माझी," असं या गुरुजींनी तिच्या वडिलांना सांगितलं होतं. पाच वर्षं त्यांनी ते पाळलंही. ईदला त्यांच्या घरी पुलावाची गाजरं चिरायला ती हक्काने जायची.

दोमलांच्या भौतिकशास्त्र संस्थेत तिचं काम एकच होतं. चौकटींच्या जाळीवर इलेक्ट्रॉन बसवायचे. एका घरात दोन आले की त्यांचं पटत नाही, पण उड्या मारणंही थांबत नाही. अशा गर्दीचं गणित कागदावर सुटत नाही. म्हणून संगणकाला लाखो मांडण्या चाळायला लावायच्या आणि सरासरी काढायची. पण काही मांडण्यांचं वजन उणे यायचं. तापमान उतरवलं की शंभर अधिकांना अठ्ठ्याण्णव उणे भेटायचे, अन् हाती नुसती धूळ.

"ती उणे चिन्हं गाळून टाक ना," दोमला एकदा म्हणाले.

"मग ते आपले इलेक्ट्रॉन उरत नाहीत, दोमला. भलत्याच कुणाचं गणित होतं ते."

"बरं बाई, राहिलं."

दोन महिन्यांनी लेख छापून आला. आलेख कसा घोटीव! विनाअडथळा वीज वाहणार, असा निष्कर्ष. पहिलं नाव मावजुदाचं. "बापाने लेकीला दिलेली भेट समज," दोमला म्हणाले. तिने आकडे पाहिले, त्यांत एकही उणे चिन्ह उरलं नव्हतं. ती धावत रिम्माकडे गेली. शेजारच्या टेबलावरची ही मैत्रीण संगणक चालवायची.

"त्यांनी सांगितलं, मी चालवलं," रिम्मा म्हणाली. "नाव तर तुझंच आहे, मग रडतेस कशाला?"

मावजुदा तेव्हा गप्प बसली. ते गप्प बसणं तिने स्वतःला कधी माफ केलं नाही.

मॉस्कोच्या सभेत एका म्हाताऱ्याने उठून विचारलं, "चिन्हं कुठे गेली?" दोमला शांतपणे म्हणाले, "हिशेब मावजुदाचा आहे. मी आपला विश्वासाने चालणारा माणूस." सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

बाहेर जिन्यावर तिने त्यांना गाठलं. "दोमला, मी नको म्हणाले होते ना?"

"हळू बोल, पोरी. माझ्या जिवावर चाळीस माणसं जगतात. तू लहान आहेस, तुझं लोक विसरतील."

ताश्कंदला परतल्यावर तिने खरे आकडे चिन्हांसकट मांडले आणि नियतकालिकाला पत्र लिहिलं. रिम्माला सही मागितली. "माझं नाव नको गं घालूस," रिम्मा म्हणाली आणि पाठ फिरवून संगणकाची फीत गुंडाळत बसली.

पत्र छापलं गेलं. पण मावजुदाचा प्रबंध कपाटातच राहिला, आणि तिचं टेबल दुसऱ्याला मिळालं. ती कोकंदला परतून तंत्रशाळेत गणित शिकवू लागली. दोमलांचा मान पुढे वाढतच गेला. रिम्मा विभागप्रमुख झाली.

एका नवरोजला दोमलांचा भाचा कोकंदला आला आणि दोमलांनी पाठवलेली सुमलकची वाटी तिच्या दारात ठेवून म्हणाला, "मामा म्हणाले, लेकीला गोड पोचव."

सणाचं अन्न नाकारता येत नाही. तिने ती गव्हाची गोड खीर शेजारणीच्या पातेल्यात ओतली, वाटी घासली, पुसली. भरलेली आलेली वाटी रिकामी परत करायची नाही, हे तिकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. भाचा हात पुढे करून थांबला होता. तिने रिकामी वाटी त्याच्या हातात दिली आणि दार लावून घेतलं.