सत्तेचाळीस नंबरचं इंजिन

मंगळवारी सकाळी, बोईसरच्या आमच्याच घरात, मी चोरी केली. कपाटावरचा बिस्किटांचा डबा हळूच खाली काढला. हे पालघरला बँकेच्या कामाला गेले होते, म्हणून जमलं.

डब्यात एक रेल्वे इंजिन होतं. हसू नका... दोन काडेपेट्या लांबीला लावल्या की जेवढं होईल तेवढंच, पण रुळांवर पळणारं. आमच्या ह्यांनी रिटायर झाल्यावर सहा महिने खपून केलेलं. तुपाच्या डब्याच्या पत्र्याची बॉडी, पेनाच्या नळीचं धुरांडं आणि पोटात जुन्या कॅमेऱ्यातून काढलेली सुपारीएवढी मोटर.

सहा महिने माझं डायनिंग टेबल ह्यांच्या ताब्यात होतं. वरणात पत्र्याचा कीस सापडला तेव्हा मी काय बोलले, ते इथे लिहीत नाही. पण आतून खूश होते हो. रिटायर झाल्यावर हे नुसते हॉल ते किचन, किचन ते हॉल फिरायचे... फ्रिज उघडायचे, काही न घेता बंद करायचे. त्या इंजिनाने माणूस जागेवर बसवला.

केबिनवर पांढऱ्या रंगाने नंबरसुद्धा टाकला. कंपनीतला स्वतःचा हजेरीचा पंचिंग नंबर, दुसरा कुठला सुचणार!

मग मागच्या महिन्यात एका रविवारी कंपनीतले चार दोस्त बोलावले. कांदाभजी, चहा आणि इंजिनाचं उद्घाटन. छान पळत होतं. पण दोस्तांसमोर जरा जोर दाखवायची हौस... ह्यांनी मोठा अडॅप्टर लावला. इंजिन सुसाट सुटलं आणि धुरांड्यातून चक्क धूर निघाला. दोस्तांनी टाळ्या वाजवल्या! "वा, धूरपण सोडतंय!"

मोटर जळली होती हो...

हेसुद्धा त्यांच्याबरोबर हसले. तशी मोटर मग कुठे मिळेना, नवीन आणली ती पोटात बसेना. शेवटी इंजिन डब्यात आणि डबा कपाटावर. "जाऊ दे गं, आता नाही होत माझ्याच्याने," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा हॉल ते किचन. मला ते बघवेना.

आता माझं गुपित. गुपित कसलं, कुणी विचारलंच नाही कधी. लग्नाआधी मी कुंभवलीजवळच्या एका कंपनीत चार वर्षं मिक्सरच्या मोटरा भरायचे. म्हणजे केसासारख्या तांब्याच्या तारेचे वेढे घालायचे... मोजून, एक कमी नाही की एक जास्त नाही. ह्यांना वाटत होतं मी पॅकिंगला होते. तेहेतीस वर्षं वाटत होतं!

तर मंगळवारी ती जळकी तार मी मोजत मोजत उलगडली. मोटरच्या गाभ्याला तीन बाजू, प्रत्येकीवर नव्वद वेढे. स्टेशनजवळच्या मोटर भरणाऱ्या दुकानातून तसलीच तार आणली आणि चष्म्याला ह्यांचं भिंग बांधून बसले. पहिले दहा-बारा वेढे दोनदा सोडून पुन्हा घातले. मग काय झालं कुणास ठाऊक... बोटं आपली आपणच चालायला लागली.

तिसऱ्या बाजूला पंचावन्नपर्यंत आले आणि दारात शेजारची लक्ष्मीमावशी. हातात सुकटीची वाटी. आता तोंड उघडलं तर आकडा गेला! मी मान खाली घालून ओठ हलवतेय, बोटं फिरवतेय... मावशीने घाईघाईने वाटीवर पदर टाकला. "अगो बाय, जपाला बसलीस काय? आणि मी आपली सुकट घेऊन आली! संध्याकाळी येते, तू बोलू नको." गेली बिचारी. मला हसू आवरेना, पण छप्पन्न, सत्तावन्न...

पाच वाजता हे घरी आले. मी इंजिन रुळांवर ठेवूनच बसले होते. जुनाच, लहान अडॅप्टर लावला. क्षणभर काहीच नाही... आणि मग निघालं. पण उलटं! धुरांडं मागे, केबिन पुढे.

हे चप्पल काढायची विसरून टेबलाशी आले. "उलटं जातंय," पहिला शब्द हा. मग म्हणाले, "मोटर कुणी भरली?"

"मी. मिक्सरच्या मोटरा अशाच दिशेने भरायचो आम्ही. हाताची सवय."

"तू पॅकिंगला होतीस ना?"

तेव्हा मात्र मला रागच आला. आत्ताचा राग नव्हता तो, साठलेला होता. "तुमच्या कंपनीतल्या प्रत्येक पंपाची कथा मला पाठ आहे," म्हटलं, "तुम्ही माझ्या कंपनीबद्दल एकदा तरी विचारलंत?" ह्यांनी रुळाच्या दोन वायरींची अदलाबदल केली, इंजिन सुलट पळायला लागलं. माझ्याकडे बघेनात. इंजिनाकडेच बघत बसले.

बुधवारी सकाळी चहा पिताना मात्र एकदम विचारलं, "तुमच्या कंपनीत हजेरीला नंबराचं टोकन होतं का गं?"

"होतं ना. पितळेचं. सत्तेचाळीस." एवढंच बोलून मी भाजी चिरायला गेले.

लग्न ठरलं तेव्हा ते टोकन गेटवर परत केलं होतं. त्या दिवशी घरापर्यंत रिकामी मूठ तशीच बंद ठेवून चालत आले होते मी. हे मी ह्यांनाच काय, कुणालाच सांगितलेलं नाही.

संध्याकाळी दिवा लावायला हॉलमध्ये आले. इंजिन टेबलावर गोल गोल फिरत होतं आणि ह्यांच्या नखांत पांढरा रंग. केबिनवरचा स्वतःचा नंबर खरवडून टाकला होता. तिथे नवीन लिहिलाय, जरा वाकडा आलाय...

४७.